मणक्याचा टीबी झाला म्हणून कंपनीने मिस्टरांना काढलं, असं काढता येते का?

मानेवाडा_वाली
९ डिसेंबर २०२५, रात्री ११:१२

नमस्कार, इथे पहिल्यांदाच लिहून राहिली आहे, काही चुकलं तर सांभाळून घ्या. माझे मिस्टर बुटीबोरीच्या एका कंपनीत मशीन ऑपरेटर आहेत, आहेत की होते तेच विचारायला आली. ऑगस्ट २०१४ ला लागले, कंपनीच्याच रोलवर, ठेकेदाराकडे नाही. पगार कटिंगच्या आधी १९,२००.

मे महिन्यापासून पाठ दुखायची. आम्हाला वाटलं रोज मानेवाड्याहून बुटीबोरी बाइकने जाणं-येणं, त्याच्यामुळे असेल. मलम लावलं, ओळखीच्या एकाकडून मालिश पण करून घेतली (आता डॉक्टर म्हणतात ती करायलाच नको होती). जूनच्या शेवटी पायाला मुंग्या यायला लागल्या, एक दिवस तर गाडीवरून उतरताच आलं नाही, तेव्हा घाबरून मेडिकलला (नागपूरचं सरकारी मेडिकल कॉलेज हॉस्पिटल) नेलं, एमआरआय झाला आणि मणक्याचा टीबी निघाला. २ जुलैपासून घरीच आहेत, पट्टा लावून. डॉक्टर म्हणाले गोळ्या कमीत कमी १२ महिने, कदाचित १८, पण माणूस बरा होतो, कामाला पण लागतो, फक्त वजन उचलायचं नाही.

कंपनीला सगळे कागद दिले, विमा दवाखान्याचं सर्टिफिकेट वेळोवेळी दिलं, मी स्वतः गेटवर नेऊन द्यायची. तीन महिने कामगार विम्याचे पैसे पण आले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला आमच्या भागातल्या दवाखान्यात सांगितलं की ९१ दिवस संपले, आता काही मिळत नाही. आणि मग १४ ऑक्टोबरचं पत्र आलं, इंग्रजीत, भाच्याने वाचून सांगितलं की सततच्या आजारपणामुळे तुमची सेवा आजपासून समाप्त, एक महिन्याचा पगार खात्यात टाकला आहे. खरंच टाकला होता.

दिवाळी कशी गेली ते सांगत नाही.

आता मागच्या आठवड्यापासून एचआरचा फोन येऊन राहिला की तुम्ही राजीनामा लिहून द्या, आम्ही ५०,००० देतो, म्हणजे रेकॉर्डवर काढलं असं येणार नाही आणि पुढे दुसरीकडे लागायला बरं. सासरे म्हणतात घेऊन टाका, हाताशी आले तेवढे आपले. मिस्टर काहीच बोलत नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. आजारी माणसाला असं काढता येते का हो? कायदा काय म्हणते?

सी_शिफ्ट
९ डिसेंबर, रात्री ११:४०

वहिनी पयले एक गोष्ट आयका, बाकीचं मंग. कुठंच सही करू नका. कोऱ्या कागदावर नाही, छापील कागदावर नाही, "फक्त पत्र मिळालं म्हणून सही द्या" म्हटलं तरी खाली "मान्य नाही" लिहून तारीख टाकल्याशिवाय नाही. मी हिंगण्याच्या एका कारखान्यात १९ वर्षं काढली, युनियनमध्ये होतो, आमच्याकडचे जेवढे पोरं हरले ना ते कायद्यानं नाही हरले, राजीनाम्याच्या कागदानं हरले. काढून टाकलं असतं तर भांडता आलं असतं, पण हा तर स्वतःच लिहून बसला की घरगुती कारणामुळं सोडतो. मंग कोर्ट काय करन बाप्पा.

अन् एक सांगा, जर त्यायनं १४ ऑक्टोबरलेच काढून टाकलं आहे तर डिसेंबरमध्ये राजीनामा काऊन पायजे त्यायले? गेलेल्या माणसाचा राजीनामा कोणी मागते का? त्यायच्या कागदात कुठंतरी भोक आहे, ते त्यायच्या वकिलानं दाखवलं असन, म्हणून हे ५० हजार.

फोनवर बोलणं झालं की लगेच एक मेसेज टाकत जा व्हॉट्सअॅपवर, "आज तुम्ही फोन करून राजीनामा मागितला, आम्ही नाही म्हणालो". उत्तर नाही आलं तरी चालते.

एचआर_मधला_माणूस
१० डिसेंबर, सकाळी ९:०५

कंपनीच्या बाजूने बोललं की इथे शिव्या पडतात, तरी लिहितो कारण दुसरी बाजू माहीत नसली तर ताई तुम्ही कोर्टात जाऊन अडकाल.

औद्योगिक विवाद कायदा १९४७, कलम २(ओओ). त्यात रिट्रेंचमेंट (कामगार कपात) म्हणजे काय ते सांगितलं आहे आणि कशाला रिट्रेंचमेंट म्हणायचं नाही तेही सांगितलं आहे. त्या अपवादांत पोटकलम (सी) म्हणते की सततच्या आजारपणामुळे नोकरी संपवली तर ती रिट्रेंचमेंट नाही. म्हणजे कलम २५एफ लागत नाही, म्हणजे दर वर्षाला १५ दिवसांची नुकसानभरपाई द्यावी लागत नाही, सरकारला कळवावं लागत नाही. चौकशी पण बसवावी लागत नाही कारण यात कामगाराचा काही दोष आहे असं कोणी म्हणतच नाही. तर "आजारी माणसाला काढताच येत नाही" हे जे सगळे म्हणतात ते चूक आहे, कायद्यातच तसा दरवाजा ठेवला आहे. एका मशीनवर पाच महिने माणूस नाही, तिन्ही शिफ्ट चालवायच्या, बदली माणूस किती दिवस बदलीवर ठेवायचा, हा पण प्रश्न असतो ना. सगळे एचआर राक्षस नसतात.

राजीनामा मागायला नको होता हे मात्र मान्य. ते चूकच.

तर्री_पोहा
१० डिसेंबर, सकाळी १०:२२

मी सासऱ्यांच्या बाजूने. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये उगाच नाही म्हणत. माझ्या मावसभावाची लेबर कोर्टातली केस सात वर्षं चालली, जिंकला, मग कंपनी हायकोर्टात गेली. तोपर्यंत तो सीताबर्डीत मोबाइलचे कव्हर विकत होता, आताही विकतोच. ५० चे ८० करून घ्या आणि मोकळे व्हा, माणूस बरा होणं महत्त्वाचं.

काळा_कोट_नागपूर
१० डिसेंबर, दुपारी २:४८

वकिली करतो, कामगार कायद्यातच, आणि आज अधिवेशनामुळे सिव्हिल लाइन्समधून गाडी बाहेर काढायची सोय नाही, जिकडे तिकडे मोर्चे आणि बॅरिकेड, त्यामुळे चेंबरमध्ये बसून सविस्तर लिहितो.

एचआरवाल्या भाऊंनी सांगितलं ते खोटं नाही. पण अर्धं सांगितलं. १९४७ चा कायदा फक्त एवढंच म्हणतो की आजारपणामुळे काढलेल्याला रिट्रेंचमेंटचे पैसे लागू नाहीत. अशा वेळी काढता येते का, कधी येते, हे त्या वाक्यात नाही. ते दुसऱ्या कायद्यात आहे, कामगार राज्य विमा (ईएसआय) कायदा १९४८, म्हणजे ज्याचे पैसे दर महिन्याला पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि कंपनी ३.२५ टक्के भरते तो. तुमच्या मिस्टरांचा पगार १९,२०० म्हणजे २१,००० च्या मर्यादेच्या आत, तीन महिने पैसेही मिळाले, तेव्हा ते विमाधारक आहेत यात वादच नाही.

त्या कायद्याचं कलम ७३ वाचा. आजारपणाचा लाभ घेत असताना किंवा आजारावर उपचार चालू असताना मालकाने कामगाराला काढायचं नाही, पगार कमी करायचा नाही, शिक्षा करायची नाही. आणि पोटकलम २ म्हणते की त्या काळात दिलेली काढण्याची नोटीस वैधच नाही. "उपचार चालू असताना" हे शब्द नीट बघा. कंपनीला वाटलं ९१ दिवसांचे पैसे संपले म्हणजे संरक्षण संपलं, म्हणून ऑक्टोबरच्या दुसऱ्याच आठवड्यात पत्र काढलं, तारखा जुळवून बघा तुम्ही. पण पैसे संपणं वेगळं आणि उपचार संपणं वेगळं, टीबीच्या गोळ्या तर चालूच आहेत.

मग मालकाने कायम वाट बघत बसायचं का? नाही. याचं उत्तर १९५० च्या ईएसआयच्या जनरल रेग्युलेशन्समध्ये आहे, नियम ९८. सेवाशर्तीत तशी तरतूद असेल तर रीतसर नोटीस देऊन काढता येते, पण साध्या आजारात सलग ६ महिने उपचार झाल्यावर, आणि टीबी, कुष्ठरोग, मानसिक आजार, कॅन्सर यांसारख्या रोगांत सलग १८ महिने झाल्यावर. तुमचं निदान जूनच्या शेवटचं, पत्र १४ ऑक्टोबरचं. चार महिनेसुद्धा झाले नव्हते. हेच ते सी_शिफ्ट म्हणतात ते भोक आणि म्हणूनच राजीनामा पाहिजे.

आता समोरचा वकील काय म्हणेल तेही सांगतो, नाहीतर तुम्ही उड्या मारत जाल. तो १९६४ चा सुप्रीम कोर्टाचा बकिंगहॅम अँड कर्नाटिक कंपनीचा निकाल काढेल. त्यात स्टँडिंग ऑर्डरप्रमाणे (कंपनीच्या नोकरीच्या लेखी नियमांप्रमाणे) गैरहजेरीमुळे नोकरी आपोआप संपली होती आणि कोर्ट म्हणालं की कलम ७३ इथे आड येत नाही. पण तुमच्या मिस्टरांच्या पत्रात गैरहजेरी हा शब्दच नाही, सर्टिफिकेटं गेटवर पोचली आहेत, आणि कंपनीने स्वतःच्या हाताने कारण लिहिलं आहे आजारपण. ते पत्र जपून ठेवा, तुमचा सगळ्यात चांगला साक्षीदार तेच आहे. आणि उद्या ते पलटून म्हणाले की नाही नाही हा माणूस न सांगता गैरहजर होता, तर १९९३ चा डी. के. यादव निकाल आहे, गैरहजर म्हणून नाव कापायचं तरी आधी म्हणणं ऐकून घ्यावं लागते, आपोआप काही होत नाही.

आता कुठे जायचं. महाराष्ट्रात एमआरटीयू आणि पीयूएलपी कायदा १९७१ आहे, अनुचित कामगार प्रथांचा. बदल्याच्या भावनेने किंवा सद्हेतूने नाही अशा पद्धतीने कामगाराला काढणं हे त्याच्या चौथ्या अनुसूचीत पहिल्याच नंबरला आहे. तक्रार थेट लेबर कोर्टात करता येते आणि निकाल लागेपर्यंत अंतरिम आदेश मागता येतो, कलम ३०(२). पण मुदत फक्त ९० दिवस. १४ ऑक्टोबरपासून मोजा, १२ जानेवारीला संपतात. उशीर झाला तर कारण दाखवून माफ करून घेता येतो पण कशाला ती भीक मागायची.

दुसरा रस्ता कामगार आयुक्तांकडे जाऊन समेटासाठी अर्ज, तिथे ४५ दिवसांत काही झालं नाही तर १९४७ च्या कायद्याच्या कलम २ए खाली स्वतः कोर्टात. त्याला जुन्या कायद्यात तीन वर्षं होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन लेबर कोड लागू झाले, त्यात ही मुदत दोन वर्षं केली आहे. तुमचं पत्र त्याच्या आधीचं आहे, तरी कोणता कायदा कोणत्या तारखेला या भानगडीत पडायचंच नको, ९० दिवसांच्या आत जा. एक मात्र लक्षात ठेवा, एमआरटीयूची तक्रार एकदा दाखल केली की त्याच कारणासाठी दुसऱ्या कायद्याखाली जाता येत नाही, तेव्हा आधी एका वकिलाला कागद दाखवून ठरवा.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट न बघता. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, साध्या कागदावर अर्ज.

खात्यात आलेला महिन्याचा पगार राहू द्या. फक्त रजिस्टर पोस्टाने एक पत्र पाठवा की सेवा समाप्ती मान्य नाही, रक्कम हक्क राखून ठेवली आहे, आणि डॉक्टरांनी फिट म्हटल्यावर कामावर यायला तयार आहे. हे शेवटचं वाक्य विसरू नका.

सोमवारी_क्वार्टर
१० डिसेंबर, संध्याकाळी ६:३०

ताई, कोर्टाचं नंतर बघा, आधी पैशाचं बघा, कारण ९१ दिवसांनंतर काही मिळत नाही हे तुम्हाला चुकीचं सांगितलं. माझ्या भावाला २०१९ ला हाडाचाच टीबी झाला होता, कमरेच्या सांध्यात. ९१ दिवस ही साध्या आजारपणाची मर्यादा, ७० टक्क्याने. पण ३४ मोठ्या आजारांची एक यादी आहे, त्यात टीबी आहे, त्याला वाढीव आजारपण लाभ मिळतो ८० टक्क्याने, एकूण दोन वर्षांपर्यंत नेता येतो. अट अशी की दोन वर्षं सलग विम्याखालची नोकरी पाहिजे आणि मागच्या चार वर्गणी काळांत (सहा-सहा महिन्यांचे असतात) मिळून १५६ दिवसांची वर्गणी भरलेली पाहिजे. तुमचे मिस्टर ११ वर्षांपासून आहेत म्हणजे त्यात बसायला हरकत नाही.

ढोबळ हिशोब बघा, १९,२०० चे दिवसाला ६४० होतात, त्याचे ७० टक्के ४४८, ८० टक्के ५१२. ९१ दिवसांनंतरचे ३०९ दिवस जरी धरले तरी दीड लाखाच्या वर जाते. आणि ते लोक ५० हजारात राजीनामा मागून राहिले.

करायचं काय तर मेडिकलचे सगळे पेपर घेऊन आपल्या दवाखान्याच्या डॉक्टरकडून सोमवारी पेठेतल्या कामगार विमा हॉस्पिटलला रेफर करून घ्या, तिथे स्पेशालिस्टने टीबी असल्याचं आणि कामाला अनफिट असल्याचं लिहिलं पाहिजे. मग ते शाखा कार्यालयात. ऑक्टोबरपासून आजपर्यंतची सर्टिफिकेटं घेतली आहेत का तुम्ही? तिथेच लोक मार खातात, पैसे बंद झाले की सर्टिफिकेट घेणं पण बंद करतात, आणि मग मधला काळ कोरा दिसतो.

भावाच्या वेळेला चार चकरा झाल्या, एका खिडकीवरचा बाबू म्हणायचा असा लाभच नाही. मी म्हटलं लिहून द्या की नाही. मग सापडला फॉर्म.

टीबीच्या पेशंटला सरकारच्या निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १,००० येतात, ते चालू आहेत ना? बँक खातं जोडलं नसेल तर जिथून गोळ्या मिळतात तिथेच सांगा.

झेडपी_वाला
१० डिसेंबर, रात्री ८:१५

दिव्यांग कायदा २०१६ आहे ना, त्यात नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढताच येत नाही, दुसऱ्या पोस्टवर त्याच पगारात घ्यावं लागते. आमच्या ऑफिसमध्ये एका शिपायाला सिकलसेलमुळे खुब्याचा त्रास झाला, चालणं बंद झालं, त्याला आवक-जावकला बसवलं, पगार तोच. ताईंनी हे का नाही वापरायचं?

काळा_कोट_नागपूर
१० डिसेंबर, रात्री ९:०२

कारण ते कलम २०(४) फक्त सरकारी आस्थापनांना आहे दादा, खाजगी कंपनीला नाही. तुमच्या शिपायाला लागू झालं ते बरोबर, सिकलसेल त्या कायद्याच्या यादीत आहेच, आपल्या विदर्भात तर हे प्रत्येकाने माहीत करून ठेवलं पाहिजे. पण बुटीबोरीच्या कंपनीत ते कलम घेऊन गेलं तर पहिल्याच तारखेला फजिती.

खाजगीसाठी नाही पण त्या विचाराचा एक जुना निकाल कामाचा आहे, १९९१ चा आनंद बिहारी, राजस्थानच्या एसटीचे ड्रायव्हर. डोळे अधू झाले म्हणून काढले होते. कोर्टाने म्हटलं की हो, हे आजारपणाच्या अपवादात बसते, रिट्रेंचमेंट नाही, पण तरी नुसतं काढून मोकळं होणं अन्यायाचं आहे, आधी दुसरं काम द्यायचं बघा आणि नसेलच तर जादा नुकसानभरपाई द्या. म्हणून मी म्हटलं की पत्रात कामावर यायला तयार आहे असं लिहा, आणि जोडीला लिहा की जड काम जमलं नाही तर क्वालिटी, स्टोअर, गेटपास असं हलकं काम द्यावं. कंपनीत अशी जागा आहे का हे मिस्टरांना विचारा, त्यांना ११ वर्षांत सगळे कोपरे माहीत असतील.

मानेवाडा_वाली
१० डिसेंबर, रात्री ११:५५

तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलं, दोनदा वाचलं, एकदा मिस्टरांना मोठ्याने वाचून दाखवलं. टूल रूममध्ये टूलचा हिशोब ठेवायला एक जण लागतो म्हणाले, तो मार्चमध्ये रिटायर होतो. किती दिवसांनी एवढं वाक्य बोलले.

सर्टिफिकेटं ऑक्टोबरपासून नाही घेतली. घेतली असती तर बरं झालं असतं हे आता कळलं. मेडिकलची ओपीडीची चिठ्ठी आहे प्रत्येक महिन्याची, गोळ्या घेतल्याच्या नोंदी आहेत. चालेल का?

आणि एक राहिलं. एचआर म्हणत होता की लाइनवरची बाकीची पोरं घाबरतात, टीबी लागेल म्हणून, कॅन्टीनमध्ये कोणी सोबत बसणार नाही. हे खरं आहे का, कारण माझी मुलगी सहा वर्षांची आहे.

सोमवारी_क्वार्टर
११ डिसेंबर, सकाळी ७:२०

मुलीची काळजी करू नका, फक्त मणक्याचा असेल, छातीचा नसेल, तर तो खोकल्यातून पसरत नाही. तुमच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या की छातीचा एक्स-रे क्लिअर आहे ना, आणि तेच एका कागदावर लिहून मागा, कंपनीच्या तोंडावर मारायला कामी येईल. ओपीडीच्या चिठ्ठ्या जपून ठेवा, त्या दाखवून मागच्या काळाचं सर्टिफिकेट मागा, उशीर का झाला ते अर्जात सरळ लिहा की दवाखान्यातून संपलं सांगितलं म्हणून. आजच जा, अजून एक महिना जाऊ देऊ नका.

एचआर_मधला_माणूस
११ डिसेंबर, सकाळी ९:४०

नियम ९८ मला माहीत नव्हता, खरं सांगतो. १२ वर्षं झाली या लाइनमध्ये, कलम ७३ ऐकलं होतं पण आमच्याकडे सगळे असंच समजतात की ९१ दिवसांनंतर मोकळे. आमच्या कन्सल्टंटला विचारलं तर तो म्हणे बघून सांगतो.

ताई एक माझ्याकडून. ते ५०,००० मध्ये ग्रॅच्युइटी धरली आहे की वेगळी, हे लेखी विचारा. सहसा फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा हिशोब म्हणून एकच आकडा सांगतात आणि ग्रॅच्युइटी त्यातच असते. तुमचा बेसिक अधिक डीए किती?

मानेवाडा_वाली
११ डिसेंबर, सकाळी ९:५८

पगारपत्रकावर दोन्ही मिळून १३,००० आहे.

एचआर_मधला_माणूस
११ डिसेंबर, सकाळी १०:०६

१३,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले ११ वर्षं. ८२,५००. गैरवर्तनाचा ठपका ठेवून काढलं नसेल तर नोकरी कशीही संपली तरी हे तुमचेच आहेत, ५ वर्षं कधीच झाली. म्हणजे ते तुमच्याच ८२,५०० मधून ५०,००० देऊन वर राजीनामा मागत असू शकतात. विचारा नक्की.

सी_शिफ्ट
११ डिसेंबर, सकाळी १०:१५

अरे बाप रे. 😂 अन् इकडे सासरे म्हणतात हाताशी आले ते आपले. आपलेच होते ते बुवा!

तर्री_पोहा
११ डिसेंबर, सकाळी ११:३०

ठीक आहे, ८२,५०० चं ऐकून माझं मत बदललं, ५० मध्ये सही करू नका. पण कोर्टाला वेळ लागतो यावर मी ठाम आहे, मावसभावाला विचारा.

काळा_कोट_नागपूर
११ डिसेंबर, दुपारी १:१०

लागतो वेळ, कोण नाही म्हणतं. म्हणूनच अंतरिम आदेशाचा अर्ज तक्रारीसोबतच द्यायचा. आणि खरं सांगू का, अशा बऱ्याच केसेस निकालापर्यंत जातच नाहीत. कलम ७३ आणि नियम ९८ लिहिलेली नोटीस कंपनीच्या हेड ऑफिसला पोचली की तिथला माणूस बुटीबोरीच्या माणसाला फोन करतो. म्हणून नोटीस प्लांटला आणि हेड ऑफिसला दोन्हीकडे पाठवायची.

मावसभावाचं काय झालं ते माहीत नाही पण त्याने बहुतेक ९० दिवस जाऊ दिले असतील.

तर्री_पोहा
११ डिसेंबर, दुपारी १:२२

...हो.

मानेवाडा_वाली
१५ डिसेंबर, रात्री १०:३०

कळवायचं म्हणून लिहिते. शुक्रवारी दवाखान्यात गेली, आधी तेच उत्तर, मग मी म्हटलं लिहून द्या, मग मोठ्या डॉक्टर मॅडम आल्या, त्यांनी कागद बघितले आणि सोमवारी पेठेला रेफर केलं. आज मिस्टरांना ऑटोत बसवून घेऊन गेली, एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच मेडिकल सोडून दुसरीकडे बाहेर पडले, सक्करदऱ्याच्या चौकात ऑटो थांबवून चहा प्यायचा म्हणाले. स्पेशालिस्टने अनफिट लिहून दिलं, मागच्या काळाचं पण देतो म्हणाले, त्यासाठी गुरुवारी बोलावलं.

कंपनीला रजिस्टर पोस्ट केलं, दोन्हीकडे. टूल रूमचं पण लिहिलं. विधी सेवावाल्यांकडे अर्ज दिला, वकील सोमवारपर्यंत नेमून देतो म्हणाले. एचआरचा फोन शनिवारी आला होता, ग्रॅच्युइटी वेगळी का विचारलं तर म्हणाला साहेबांना विचारून सांगतो, तेव्हापासून फोन नाही.

सासरे अजून नाराज आहेत पण रजिस्टरची पावती त्यांनीच देवघरात ठेवली.

एक विचारायचं होतं, गुरुवारी एमआरआयची सीडी आणि रिपोर्ट मागितला आहे, ओरिजिनल द्यायचे का?

सोमवारी_क्वार्टर
१५ डिसेंबर, रात्री १०:४१

दाखवायचे ओरिजिनल, द्यायची झेरॉक्स. सीडीची कॉपी काढून घ्या, भाच्याला सांगा. आणि जे द्याल त्याच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्या, तारखेसकट.

सी_शिफ्ट
१५ डिसेंबर, रात्री १०:४४

अन् गुरुवारी सकाळी नऊच्या आत पोचा वहिनी, दहानंतर गर्दी होते.